कुडापलीकडची माणसं

२८ सप्टेंबर १९१८, शनिवार

हे आले, पण घरात येईनात! कर्जतहून कडावपर्यंत पायी आले आणि फाटकाशीच उभे राहिले. "जवळ येऊ नकोस. विहिरीवर पाणी काढून ठेव. कपडे उकळायला मोठं पातेलं चढव." मला वाटलं, कुणाचं तरी सुतक घेऊन आले.

सुतक एकाचं नाही. मुंबईची मानमोडी कर्जतला उतरली आहे. आगगाडीतून माणसं आडवी करून उतरवताहेत म्हणे. ताप, मान मोडल्यासारखी दुखते, नाकातून रक्त — आणि दोन-तीन दिवसांत सगळं आटोपतं. ह्यांच्या मालधक्क्यावरचे हमाल पळून गेले. धक्का बंद. बोलावल्याशिवाय येऊ नका, असं साहेबानं सांगितलंय.

आता आमचं घरही बंद. ह्यांनी फाटकाला बोरीच्या काट्या लावल्या. कुणी आत यायचं नाही, कुणी बाहेर जायचं नाही. कणगीत भात आहे, परसात विहीर आहे, गाय दूध देते. भागेल. सासूबाई — मी त्यांना आत्याबाई म्हणते — ओटीवरून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "काट्या लावून रोग थांबतो व्हय रं, आबाजी?" ह्यांनी आणखी एक काटी ओढून बसवली.

३० सप्टेंबर

पुरुषमाणूस दिवसभर घरात म्हणजे काय, ते आज कळलं! एरवी हे शनिवारी संध्याकाळी यायचे नि सोमवारी उजाडायच्या आत जायचे. आता सारखे पायांत पायांत. मीठ कुठे ठेवतेस? ठकू एवढी मोठी केव्हा झाली? भिकू माझ्याकडे का येत नाही? — येईल कसा! तीन वर्षांच्या पोरानं बापाला पाहुण्यासारखं पाहिलेलं. ठकू सात वर्षांची, ती मात्र चिकटली. बाप जाईल तिथे ही मागे.

मला आवडतंय. लिहायची लाज वाटते. बाहेर माणसं मरताहेत आणि मला आवडतंय.

२ ऑक्टोबर

सकाळी उठून आधी कुणाच्या घरावर धूर दिसतो ते बघते. खालच्या आळीत दोन घरांवर धूर नव्हता. कुणाला विचारणार? शेजारच्या मोतीबाईला कुंपणावरून हाक मारली. ती म्हणाली, "आमी बरी हाव गं. तुमी बाहेर येव नका." जीव जरा खाली पडला.

वारा तिकडचा असला की कर्जतच्या गाडीची शिट्टी ऐकू येते. पूर्वी ती ऐकून वाटायचं, हे तिथे आहेत. आता वाटतं, आणखी एक गाडी भरून आली.

ठकू दोनदा शिंकली. मी सारखी तिच्या कपाळाला हात लावत होते. हे म्हणाले, "अगं, तुझ्या हातानंच ताप येईल तिला." हसले, पण नंतर स्वतःच हळूच हात लावून गेले. मी पाहिलं.

३ ऑक्टोबर

कापराच्या पुरचुंड्या सगळ्यांच्या गळ्यात. भिकूनं आपली चावून पाहिली. थू थू करत घरभर पळत होता.

५ ऑक्टोबर, शनिवार

असा दिवस माझ्या संसारात आला नव्हता.

जेवणं उजेडीच उरकली. मग ह्यांनी गोष्ट काढली — घाटात गाडीपासून सुटलेल्या एका डब्याची. इंजिन पुढे निघून गेलं, डबा एकटाच मागे राहिला, आणि आता घर शोधत रानोमाळ हिंडतोय! हे इंजिनासारखे फुसफुसत होते, घाटात मागून रेटणारं इंजिन कसं कण्हतं तेही करून दाखवलं. भिकू ह्यांच्या पाठीवर चढला. आपण होऊन चढला! आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि आम्ही सगळे एकदम गप्प झालो. मग त्याच म्हणाल्या, "आरं, हसून आलाय ठसका. बघता काय असं भूत बघितल्यागत?" परत हसू.

डबा अजून घरी पोचलेला नाही. उद्या पुढे.

दहा वर्षं झाली लग्नाला. हे असे बोलतात, हे मला ठाऊक नव्हतं.

६ ऑक्टोबर, रविवार

माझं कर्म!

काल त्या हसण्याखेळण्यात मी चुलीतला विस्तव राखेखाली पुरायचा विसरले. सकाळी चूल थंड. लढाईपासून काड्यांची पेटी मिळत नाही. होती ती सादळलेली. त्यात आज घट बसायचे, देवीपुढे दिवा लावायचा. मी विहिरीवर होते. हे गोठ्यात गाईची धार काढत होते. आत्याबाईंनी ठकूच्या हातात खापर दिलं आणि परसातल्या कुंपणाच्या भोकातून मोतीबाईकडे विस्तव आणायला पाठवलं!

मी कळशी घेऊन येते तो ही कुंपणातून येतेय. खापरावर निखारे, त्यावर गोवरीचा तुकडा, तोंडभर हसू. "आई, मोतीकाकी झोपली होती. तिनं मला जवळ घेतलं. तिचं अंग केवढं गरम आहे!"

मी कळशी टाकली आणि तिच्या हातातलं खापर काढून अंगणात ठेवलं.

आत्याबाई म्हणाल्या, "मला काय ठावं ती आजारी हाय? देवीचा दिवा इझता ठेवायचा का? इस्तवाला कुनी कदी नाय म्हटलंय व्हय?" खरंच, गावात विस्तव कुणी नाकारत नाही, नि मागायला कुणी लाजतही नाही. जन्मभर असंच चाललंय. पण आज! मी तोंडाला येईल ते बोलले. सासू म्हणून पाहिलं नाही. शेवटी म्हटलं, "माझ्या पोरीला काही झालं तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

हे मधे पडले नाहीत. ठकूचे हातपाय कडुनिंबाच्या पाण्यानं धुतले. खापर तसंच अंगणात पडून होतं. शेवटी त्याच निखाऱ्यांवर चूल पेटली. करणार काय?

७ ऑक्टोबर

मोतीबाई गेली.

मी ठकूला घेऊन गोठ्यात आले. माझी मीच. हे म्हणाले, मी राहतो तिच्यापाशी; मी ऐकलं नाही. ताप यायचा असला तर तो इथेच येऊ दे, भिकूपर्यंत जायला नको. गाय नि बैल आंब्याखाली बांधले. आम्हाला पेंढा, वाकळ, पाण्याचा हंडा. घर आणि गोठा यांच्यामध्ये एक कूड फक्त, काटक्यांचा नि शेणानं लिंपलेला. हे पेज दाराशी ठेवतात, तोंडावर उपरणं बांधून, आणि मागे सरकतात. मग मी घेते. नवरा-बायको आम्ही!

८ ऑक्टोबर

ठकू बरी आहे. खेळते आहे. माझंच डोकं ठिकाणावर नाही.

दुपारी हे कुडाला टेकून पलीकडे बसले आणि त्या डब्याची गोष्ट पुढे सुरू केली. ठकू इकडून कुडाला कान लावून. डबा नदीशी आलाय नि त्याला पोहता येत नाही. भिकू मधेच ओरडतो, "ठके, मी हितं हाय!" मग दोघांचं कुडावर टकटक चालतं. कुडाचं शेण पडायला लागलं तरी मी काही बोलले नाही.

आत्याबाईंनीही हाक मारली. "सूनबाई, पोरीनं पेज खाल्ली का गं?" मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. ठकूच म्हणाली, "खाल्ली, आजी!"

९ ऑक्टोबर

ताप आला.

दुपारपासून. आधी म्हणाली, थंडी वाजते. मग मान. "आई, मान धर ना." मान! मी तिला मांडीवर घेऊन बसले आहे आणि हे कसं लिहिते आहे मला कळत नाही, पण लिहिलं नाही तर ओरडेन. तिच्यासमोर ओरडायचं नाही. देवी, मला ने. माझी मान मोड. सात वर्षांची आहे गं ती. दुधाचे दात पडताहेत अजून.

ह्यांना कुडातून सांगितलं. मग म्हणाले, "काढा ठेवतो दाराशी." आवाज ह्यांचा वाटला नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

नाकातून रक्त. थांबलं. पुन्हा आलं.

आत्याबाई सकाळपासून कुडाशी बसून आहेत. "माजंच चुकलं गं. मीच धाडली. तू मार मला पायजे तर. पर येक सबूद बोल." मग थोड्या वेळानं परत, "सूनबाई, आयकतीस ना गं?" ऐकत होते. ठकूचं डोकं माझ्या मांडीवर भाजत होतं. बोलायला तोंड उघडलं आणि दातांवर दात दाबून धरले.

११ ऑक्टोबर

बोलत नाही. ओठ काळपट. पाणी चमच्यानं घालते ते बाहेर येतं.

१२ ऑक्टोबर

उजाडायच्या आत रस्त्यावरून बैलगाडी गेली. कुणाच्या घरची कोण जाणे. मी ठकूचे कान झाकले. तिला ऐकू तरी येत होतं का?

पेज आली ती करपलेली. आत्याबाईंच्या हातची पेज कधी करपत नाही. म्हणजे राग! काल दिवसभर कुडाशी आवाजही नाही त्यांचा. रुसल्यात. रुसू देत. माझं पोर इथे असं पडलंय आणि त्यांना मानपान सुचताहेत.

ठकूनं पाणी गिळलं. दोन चमचे. गिळलं!

१३ ऑक्टोबर, रविवार

घाम! पहाटे हात लावला तर वाकळ ओली चिंब. मला वाटलं संपलं सगळं, अंग एवढं गार. नाक तिच्या नाकाशी नेलं. श्वास होता. मग तिनंच डोळे उघडले आणि विचारलं, "डबा नदी ओलांडून गेला का?"

मी कुडावर मुठी आपटल्या. "अहो, ऐकलं का! ताप उतरला!" पलीकडे हे रडत होते. पुरुषमाणूस असा मोठ्यानं रडताना मी ऐकलं नव्हतं. रडू दिलं.

दुपारी गोष्ट सांगायला बसले. आवाज बसलाय, दमून दमून थांबत होते, पण डबा नदीपार नेला. भिकू मधेच म्हणाला, "आजी नाय." हे म्हणाले, "आजी झोपली आहे रे, गप." एवढा आनंद झाला तरी उठून एक हाक मारायला नको? हट्ट तो हट्टच.

पेज ठेवायला आले तेव्हा लांबून पाहिलं. डोक्याला घट्ट मुंडासं. थंडी वाजतेय का म्हणून विचारलं. म्हणाले, "नाही. असंच." आता ह्यांना ताप?

१४ ऑक्टोबर, दसरा

ह्यांना ताप नाही. तीन तीनदा विचारून घेतलं. ठकूनं दोन वेळा पेज खाल्ली, तिसऱ्यांदा मागितली. शिव्या दिल्या मी तिला लाडानं.

उद्या घरात जायचं. हे म्हणाले, "ये." एवढंच.

आत जाऊन आधी आत्याबाईंशी बोलायचं, असं ठरवलंय. पायाबिया पडणं जमणार नाही मला, एकदम रडू येईल. साधंच म्हणायचं — ठकू बरी झाली, आत्याबाई. त्या मग काहीतरी खोचक बोलतील आणि झालं, संपलं. किती दिवस धरून बसायचं! विस्तव विझू दिला तो मीच ना?

१५ ऑक्टोबर

ह्यांनी दाराशीच मुंडासं काढलं, तोंडावरचं उपरणं काढलं. डोकं भादरलेलं. मिशी नाही.

आत्याबाई. शुक्रवारी रात्री. ताप आला बुधवारीच. तापातच गुरुवारी कुडाशी बसून होत्या. ह्यांना म्हणाल्या, "सूनबाईला आत्ता सांगू नको रं. तिचं मन पोरीवरनं हालंल."