लोण्याच्या डबीतला कोळी

आदरणीय दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजून तरी मीच तो) साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? मी ठीक. हिची खुशाली मात्र तुम्हीच कळवावी, कारण गेले नऊ दिवस ती तुमच्याकडे आहे आणि माझा फोन उचलत नाही. तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच. आता माझी ऐका आणि तिला परत पाठवा.

मुळात दोष तुमचा. (रागावू नका.) मी निवृत्त झालो तेव्हा चारचौघांसारखं घड्याळ द्यायचं सोडून तुम्ही मला किड्यामुंग्यांचे फोटो काढायची लेन्स दिलीत. पहिल्या आठवड्यात बागेत पालथा पडून मी मुंग्यांचे चारशे फोटो काढले. त्यांतल्या एकात एका मुंगीची डावी मिशी स्पष्ट आली; बाकीची मुंगी धुक्यात. शेजारच्या वकिलांनी मला चक्कर आली असं समजून दोनदा तोंडावर पाणी मारलं. शिवाय फोटो काढताना श्वास रोखावा लागतो, त्यामुळे ही काही विचारायची आणि मी गप्प. "बत्तीस वर्षं ऑफिसमुळे बोलत नव्हता, आता मुंगीमुळे," असं ती म्हणाली. मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

मग मी छायाचित्र मंडळात गेलो. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचा सल्ला असा, की किडा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे गारठून गप्प बसतो. (किड्याला विचारायची पद्धत मंडळात नाही.) मी खिडकीतला टपोऱ्या डोळ्यांचा, उड्या मारणारा एक कोळी धरला आणि लोण्याच्या रिकाम्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवला. भरलेली डबीही तशीच दिसते, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नेमक्या त्याच दिवशी हिच्या शाळेच्या मोठ्या बाई चहाला आल्या. हिच्या बढतीची शिफारस त्यांच्याच हातात. हिने पावाशेजारी डबी ठेवली. गप्पा रंगल्या, तेवढ्यात कोळ्याला ऊब आली. बाईंनी झाकण उघडलं आणि तो थेट त्यांच्या चष्म्यावर!

मी धावलो, दादा. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. कॅमेरा घेऊन धावलो, एवढंच.

"बाई, हलू नका!" मी ओरडलो.

"अहो, काहीतरी करा!" ही ओरडली.

"करतोय ना! तू जरा उजेडातून बाजूला हो."

सतरा फोटो निघाले. कोळ्याचे आठही डोळे लख्ख, मागे बाईंचे दोन, किंचित धूसर. ते मी बाईंना तिथल्या तिथे दाखवले, इथे माझं थोडं चुकलं. बाई चहा न घेता गेल्या, ही बॅग घेऊन गेली.

घर खायला उठतंय. लेन्स कपाटात कुलूपबंद केली आहे, किल्ली वकिलांकडे दिली आहे. तिला सांगा, यापुढे पहिल्या हाकेला ओ देईन.

तुमचा पश्चात्तापदग्ध मेहुणा

ता. क. त्या सतरांतल्या एका फोटोला मंडळाचं पहिलं बक्षीस मिळालं. खाली बाईंचं नाव नाही, नुसतं 'पार्श्वभूमी' लिहिलंय. हिला एवढ्यात सांगू नका.

ता. क. २ हिला पाठवाच, पण अजून पंधरा दिवस ठेवून घ्या. तो कोळी मादी निघाला. तिने हिच्या छत्रीच्या घडीत अंडी घातली आहेत आणि पिल्लं निघेपर्यंत छत्री हलवता येणार नाही.

ता. क. ३ किल्ली वकिलांकडून परत आणली. तुमचा जुना फ्लॅश मात्र लगेच कुरियरने पाठवा. पिल्लं हिच्यासारखी थांबायची नाहीत.