माळावरची बाटलीभर हवा

पारनेर,
२३ फेब्रुवारी १९७२

प्रिय राधाकृष्ण,

अनेक आशीर्वाद. सोबतच्या खोक्यात, आतली हवा काढून तू पाठवलेली दुसरी बाटली आहे. हवा भरून, तोटी घट्ट बंद करून पाठवत आहे. ही चांगली निघेल असे मला वाटते.

पहिली बाटली कशी बिघडली ते मी तुला कळवले नव्हते. तिच्यात कार्बन डायऑक्साइड इतका कसा, असे तू विचारले होतेस. तुझ्या आईने नव्या वस्तूला हळदकुंकू लावून उदबत्ती ओवाळली आणि तिथेच मी तोटी उघडली. बत्तीस वर्षे शाळेत शिकवले, तरी माझ्या लक्षात आले नाही. तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले. मग सगळे पुन्हा समजावून सांगा म्हणाली. मी सांगितले की तुमचे यंत्र उपग्रहात बसून खाली बघते, जमिनीवरून वर जाणाऱ्या उष्णतेवरून हवेत कोणता वायू किती आहे ते ओळखते, आणि त्याचा आकडा पडताळायला इथली हवा लागते. म्हणजे पोराच्या यंत्राला आपली साक्ष लागणार, असे ती म्हणाली. इतके नेमके मला वर्गात कधी सांगता आले नसते.

दहा तारखेला दुपारी बाराच्या सुमारास उपग्रह आपल्यावरून जाणार होता. दम्यामुळे डॉक्टरांनी तिला चढ बंद केला होता. मी एकटा जातो म्हणालो, तर तिने घड्याळ माझ्या हातात दिले आणि बाटली स्वतः घेतली. वाटेत शेजारच्या छबूबाईने हटकले, "अमेरिकेत हवा मिळत न्हाई व्हय?" मिळते, पण पारनेरची मिळत नाही, असे सांगून ही पुढे निघाली. माळावर पोचायला तास लागला. मला मागे थांबवून ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. धाप ओसरेपर्यंत थांबली. "माझा दम ह्यात जायला नको, पोराचं गणित चुकंल," एवढे बोलून तिने श्वास धरला आणि तोटी उघडली. हवा आत शिरण्याचा आवाज थांबल्यावर बंद केली. बाटली खोक्यात ठेवली, मगच खोकली. मी तिला शाबास म्हणालो नाही. आपल्या घरात तशी रीत नाही. म्हणून तुला लिहितो.

बाटली तेव्हापासून शाळेच्या कपाटात ठेवली होती. घरात चौदा तारखेपासून उदबत्ती चालू आहे. बंद तोटीतून धूर आत जात नाही हे मला कळते, तरी ठेवली. तुझी आई चौदाला पहाटे गेली. आज दहावा झाला. चढामुळे झाले का, ते मी डॉक्टरांना विचारले नाही, तूही विचारू नकोस. तार मुद्दाम केली नाही. तू सगळे टाकून निघाला असतास आणि ही बाटली तपासायची राहिली असती. ते तिला चालले नसते. आधी ही तपास, मग ये. बाटलीला बांधलेल्या चिठ्ठीवर हवा भरणाऱ्याचे नाव विचारले आहे. मागच्या वेळी मी माझे लिहिले होते. या वेळी राहीबाई कारभारी ठुबे असे लिहिले आहे, तुमच्या वहीत तसेच उतरवून घे. तिच्या हातची ही शेवटची वस्तू. पण हिच्यात तिचा श्वास शोधू नकोस. तो तिने बाहेरच धरून ठेवला होता.

तुझाच,
आबा