डावं-उजवं न करता

४ फेब्रुवारी
आजपासून या घरात काहीही हरवणार नाही. कॉम्प्युटरला जोडलेली एक पेटी, तिच्यात दोन डिस्क, आणि दोन्हींचं मिरर. एकीवर जे जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर. हिच्या फोनमधली बाबांची सगळी रेकॉर्डिंग पेटीत हलवली आणि फोन फॅक्टरी रीसेट करून चकाचक केला. फोनमध्येही राहू दिली असती तर, असं हिनं विचारलं. मिरर म्हणजे काय ते तिला कळलेलं नाही. ऑफिसातला प्रिंटर माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, पण घरात कोणाला त्याचं काय.

डिस्कना लेबलं लावा असं पेटीबरोबरच्या कागदावर आहे. लावली नाहीत. एक डावी, एक उजवी. एवढं शाळेपासून येतं मला.

५ फेब्रुवारी
सासऱ्यांचा आवाज आता फक्त या पेटीत आहे. बाबांनी नोकरीभर बसस्टँडवर गाड्या पुकारल्या. मग घशाचा आजार, ऑपरेशन, आणि स्वरयंत्रच काढावं लागलं. त्याआधी हिनं रोज समोर फोन ठेवून त्यांना बोलतं केलं होतं. जबाबदारी मोठी आहे. योग्य हातात आहे.

मेहुण्याचा फोन. मलाही एक कॉपी पाठवा म्हणत होता. पेटीतच दोन आहेत, तिसरी म्हणजे उधळपट्टी, असं समजावलं. त्यानं फोन ठेवला. पटलं असावं.

८ फेब्रुवारी, दुपार
काही हवं असलं की बाबा पलंगाच्या कडेवर टकटक करतात. आज सारखी टकटक. दर वेळी उठून गेलो. दर वेळी मानेनंच नाही म्हणाले. या वयात माणसाला सोबत हवी असते. मी रागावलो नाही.

९ फेब्रुवारी
पुन्हा टकटक. आज जरा चढ्या आवाजात विचारलं, काय हवंय. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "मी नाही, जावईबापू. तुमची पेटी."

पेटीला कान लावला. टक्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. नवं यंत्र आहे, रुळेल.

११ फेब्रुवारी
कॉम्प्युटर लावला तर समोर एक ओळ: फाइल सिस्टिममध्ये एरर आहेत, तपासणी करा. केली. दर एररला विचारत होतं, दुरुस्त करू का? सुरुवातीला वाचून हो म्हटलं, मग सगळ्यांना एकदमच हो. बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसायचा माझा स्वभाव नाही.

दुरुस्तीनंतर पुष्कळ फाइलींची नावं गेली, नुसते आकडे उरले. त्या सगळ्या हरवलं-सापडलं अशा एका फोल्डरात आहेत. म्हणजे सापडल्याच की. हिला सांगितलं नाही. उगाच जीव टांगणीला लागतो.

१२ फेब्रुवारी
आकड्यांतली एक फाइल लावून पाहिली. बाबा बोलता बोलता थांबतात, खरखर होते, मग भलतंच वाक्य. शेजारच्या खोलीत पेपर चाळल्याचा आवाज येत होता, तोही थांबला. मी फाइल बंद केली. स्पीकर बदलायला झालाय.

१४ फेब्रुवारी
निदान झालं. उजव्या डिस्कचा दिवा लाल. डावी ठणठणीत. उजवी काढायची, पुसून कोरी करायची, परत बसवायची. डावी आपलं सगळं तिच्यावर उतरवून देईल. लाल दिव्याची डिस्क बदलून नवी घ्या, असं कागद म्हणतो. कंपनीला विकायच्या असतात. रविवारी मेहुणा रेकॉर्डिंग ऐकायला येतोय, त्याआधी उरकतो.

१५ फेब्रुवारी
वायरी नीट दिसाव्यात म्हणून पेटीचं टेबल भिंतीपासून ओढलं आणि मागे जाऊन बसलो. दिवे पुढच्या बाजूला राहिले, पण दिवे बघून काम करणारे वेगळे. उजवी काढली, पुसली, बसवली.

मध्येच बाबा दारात येऊन उभे राहिले. पेटीकडे बोट केलं आणि मान हलवली. मी म्हटलं, काळजी नको, मी माझ्या डिस्कमध्ये डावं-उजवं करत नाही. हसले नाहीत.

१६ फेब्रुवारी, सकाळ
कॉपी पूर्ण. दोन्ही डिस्क तंतोतंत सारख्या. टेबल भिंतीला लावून खुर्चीत बसलो आणि ऐकलं. टक्. उजवीकडून. पण उजवी तर पुसून कोरी केलेली.

टेबल पुन्हा ओढून मागे जाऊन बसलो. मागून तीच टकटक डावीकडून येते.

पुढे आलो. उजवीकडून.

चहा केला. तो तसाच राहिला.

१७ फेब्रुवारी
याला चूक म्हणता येणार नाही. मागून बघितलं की डावं ते उजवं होतं, हे त्यांनी कागदावर ठळक छापायला हवं होतं. मी पुसली ती चांगली होती. आजारी डिस्कनं आपलं सगळं तिच्यावर उतरवलं आहे, खरखरीसकट. मिररचं काम मात्र चोख.

१८ फेब्रुवारी
हिला सांगितलं. तांत्रिक अडचण, रिकव्हरी, प्रोसेस, असं रीतसर. तिनं मधेच थांबवलं. "बाबांचा आवाज आहे की नाही, तेवढं सांगा." मी प्रोसेसबद्दलच बोलत राहिलो. ती उठून बाबांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मला भीती वाटते आहे.

२० फेब्रुवारी, रविवार
मेहुणा दिवसभर पेटीशी झटला. फोनमधून काही निघेल का, म्हणाला. मी तो नको इतका नीट साफ केलाय. बाकी सगळी खरखर, एकच फाइल धड निघाली, रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवसाची. चांगली लांब आहे. एक तर एक, म्हणून मी सगळ्यांना बोलावून लावली.

माझाच आवाज. प्रस्तावना हवी म्हणून त्या दिवशी मी चार शब्द बोललो होतो. बाबांची नोकरी, आवाजाचं महत्त्व, तंत्रज्ञानामुळे हा ठेवा कसा कायम राहील, वगैरे. उच्चार स्पष्ट आहेत. शेवटी मी म्हणतो, तर बाबा, बोला आता. बाबा खाकरतात. म्हणतात, "हं. तर..." आणि फाइल संपते.

मेहुणा गॅलरीत गेला. बाबा पाटीकडे बघत राहिले, उचलली नाही.

२३ फेब्रुवारी
ती फाइल हिनं फोनमध्ये घेतली आहे. स्वयंपाक करताना लावते, बाबा तिथेच खुर्ची ओढून बसतात. भाषण पुढे ढकलता येतं, ते मी दाखवलं. ढकललं की कधी कधी "हं" हुकतो, म्हणाली. म्हणून दोघं पहिल्यापासून सगळं ऐकतात.

भाषण फार लांबलंय.