मावशीचा आवाज आणि मोटारीची घरघर

मुकुंदवाडी, मे महिना, मंगळवार संध्याकाळ

जमलं! मावशी हो म्हणाली!

रविवारी तिला माझी ऑडिओ कथा ऐकवली, तेव्हा हेडफोन काढून म्हणाली होती, "ही कोण बाई? मला सर्दी झाल्ती का? हे नाय लावायचं कुणाला." अख्खी कथा तिच्याच आवाजात. तिनं नाय म्हणलं की सगळं बोंबललं.

चूक माझीच. रेकॉर्डिंगच्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं, गल्लीभर पाणी ओढायच्या मोटारी चालू. ती घरघर काढायला एका महागड्या इक्वलायझर प्लगइनचं, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचं, चार दिवसांचं फुकट ट्रायल घेतलं. त्यात लई देखणा रंगीत आलेख नाचतो. मी आलेख बघत बघत खालच्या पट्टीतला आवाज छाटत गेलो आणि मोटारीबरोबर मावशीच्या आवाजातला भारदस्तपणाही गेला. कान असून डोळ्यांनी मिक्सिंग केलं, येड्यासारखं.

आज सॉफ्टवेअरसोबत फुकट आलेला साधा इक्वलायझर लावला. चार नॉब, आलेख नाही. डोळे मिटून घरघर शोधली आणि तेवढीच खाली घेतली. पूर्ण गेली नाही. घालवू का? पण मग मावशीही जाते. राहू दिली.

मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं. "व्हय, ही मीच." मग म्हणाली, "मोटार ऐकू येतीय की रं."

माझा हात परत नॉबकडे गेला.

"राहू दे. पाणी आलं होतं, म्हणून तर एवढी खुशीत बोललेय मी."

ट्रायल उडवलं. आता कथा सुरूच मोटारीच्या घरघरीनं होणार!