भुऱ्याची आंघोळ आणि खिळ्यांचा पट्टा

२ नोव्हें., रविवार
पहाटे शेजारच्या कमलताईंची कुत्री चिंगी गेली. बिबट्यानं ओट्यावरून उचलली. तिचा पट्टा तुटला म्हणून दुरुस्तीला दिला होता, नेमका तेवढ्यात. आमचा भुऱ्याही ओट्यावरच झोपतो. बिबट्याला मान धरता येऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आहे, दोन वर्षांत एकदाही काढलेला नाही. तरी पट्ट्याचा भरवसा किती धरायचा? ठरवलं, आजपासून भु. रात्री घरात.
सासूबाई (यापुढं सा.बा.): "कुत्रं उंबऱ्याच्या आत न्हाई यायचं. बिनआंघूळीच्या मानसाला मी चुलीपाशी येऊ देत न्हाई, त्याला देऊ व्हय?"
"मग रोज आंघोळ घालते त्याला."
"रोज? दोन दिस घालशील."
बघूच.

३ नोव्हें.
बंबातलं पाणी, कपड्यांचा साबण. भु.नं अंग झाडलं ते दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर. हे म्हणाले, "माझ्या आंघूळीचं पानी त्याला?" म्हटलं, तुम्हाला बिबट्या नेत नाही. रात्री दाराच्या आत, पोत्यावर झोपला. सा.बा. भिंतीकडं तोंड करून.

६ नोव्हें.
चौथी आंघोळ. एकही चुकवलेली नाही. पण भु. सारखा खाजवतोय. सा.बा. म्हणतात अजून वास येतो. पिसवा असणार. उद्यापासून दोनदा, साबणही जास्त. मी हटणार नाही.

९ नोव्हें., रविवार
पोटाला लाल चट्टे, पाठीवरचे केस हातात येताहेत. वास मानेकडून येतो म्हणून पट्टा सरकवायला गेले तर सरकेना. कातड्याला चिकटलेला. भु. केकाटला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला.

१० नोव्हें.
जनावरांचे डॉक्टर खालच्या आळीला गाय बघायला आले होते. गाडीसमोर उभी राहिले, घेऊनच आले. त्यांनी पट्टा कापून काढला. खाली मानेभर जखम.
"वहिनी, रोज घासायला हे काय दुधाचं कॅन हाय का? अन् पट्ट्यासकट धुता? वला ऱ्हातो त्यो, खाली कुजतंय."
पट्टा काढायचा असतो हे सुचलंच नाही. इथं कुणाला सुचतं? बिबट्याच्या भीतीनं घातला की घातला.
त्यांनी सांगितलेलं: जखम सुकेपर्यंत आंघोळ बंद, पट्टा बंद. पुढं महिन्यातून एकदा, नाहीतर चिखलात लोळला तर. कपड्यांचा साबण कधीच नाही, कुत्र्याचा शाम्पू आणायचा. कोमट पाणी. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. फेस दहा मिनिटं ठेवायचा, मग खळखळून धुवायचं, कोरडं पुसून उन्हात.
लाज वाटली. त्याला वाचवायला निघाले आणि माझ्याच हट्टानं त्याची मान सोलली.

त्याच दिवशी, दिवेलागण
सा.बा.: "आंघूळ न्हाई तर मंग भाईर."
म्हटलं, पट्टा नाही त्याला. तो बाहेर तर मीही बाहेर. अंथरूण ओट्यावर टाकलं आणि भु.ला जवळ घेऊन बसले. भाकरी करून झाल्यावर सा.बा. दारात आल्या. "या आत. दोगं बी." आणि जुन्या लुगड्याचा तुकडा फेकला माझ्याकडं. पाय पुसायला, त्याचे.

१६ नोव्हें.
सकाळ-संध्याकाळ मलम. बाहेरून आला की पाय पुसायचे, दिवसातून एकदा गायीच्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं विंचरायचं. एवढंच. वास गेला! सा.बा.नी हुंगून पाहिलं, पण कबूल नाही केलं.
भु. मात्र बादली वाजली की खाटेखाली. ते मी केलंय, ते मलाच निस्तरायचंय.

३० नोव्हें., रविवार
जखमेवर नवी लव. डॉक्टरांनी परवानगी दिली, आज आंघोळ. बांधला नाही त्याला. बादली उन्हात ठेवली, त्याच्या कानात घालायचे कापसाचे बोळे हातात घेऊन मोरीपाशी बसले. अर्धा तास. हे दोनदा म्हणाले, धरून आणू का? नको म्हटलं. शेवटी आला. थरथरत होता, पण आपल्या पायांनी आला. डोळे भरून आले माझे.
फेस लावल्यावर दहा मिनिटं कशी मोजायची? सा.बा. म्हणाल्या, "माझी ओझरच्या गणपतीची आरती दहा मिंटाची हाय." सबंध म्हटली. भु. तोवर गप उभा.

१ डिसें.
डॉक्टर: जखम बरी झाली. पट्टा घाला, पण दोन बोटं सैल, आणि घरात आला की काढायचा.
उसात पुन्हा बिबट्याचे माग दिसलेत. हे म्हणाले, "आता पट्टा घालून त्याला राती भाईर ठेव. गोठा कोन राखनार? कुत्रं राखनीलाच पाळलंय ना?" चूक नाही त्यांचं. चार गायी आहेत. पण माझंही ठरलेलं आहे.
नवा पट्टा आणून कालच खुंटीवर टांगला होता. संध्याकाळी बघते तर खुंटी रिकामी. सगळं घर पालथं घातलं. सा.बा. खाटेवर तांदूळ निवडत, त्यांच्या पायावर हनुवटी टेकून भु.
"मला काय ठावं? आसंल हितंच कुटंतरी. उद्या बघा."
त्यांच्या ट्रंकेला आज कुलूप आहे. एरवी नसतं.