चुलीपुढची खिडकी

माय, आज भावाशी कडाकडा भांडली. तुझ्याच खिडकीवरून. तुले सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून लिहून राह्यली.

पांढरकवड्याचं आपलं घर बांधलं तेव्हा मी परकरात होती. बाबा कचेरीतले कारकून, त्यांना हौस भारी. साहेबलोकांचे बंगले पाहून पाहून त्यांनी बैठकीला कमानीच्या खिडक्या निवडल्या, वर रंगीत काचा. सैपाकघराचं कोणी तुले विचारलंच नाही. गवंड्यानं तिथंही उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर खिडकी ठेवली. घरभरणीचे सोयरे जमले, भटजी खोळंबले, आणि तू दूध उतू घालवायला चुलीपुढे बसतेस तर समोर नुसती भिंत, वर आभाळाचा तुकडा. "वा रे वा! सैपाक बसून होते, का उभ्यानं? ही खिडकी कोणासाठी?" बाबा हसले, "रांधताना बाहेर कायले पाह्यचं? भाजी करपवशील." सारेच हसले. तू उठलीस. "खिडकी खाली आल्याबिगर या घरात दूध उतू जाणार नाही." अंगणात तीन विटा मांडून तू साऱ्या सोयऱ्यांचा सैपाक तिथंच केलास. "लोक काय म्हणतील?" बाबा दातओठ खात म्हणतात, आणि तू भाकर थापत म्हणतेस, "म्हणू द्या." दुसऱ्या दिवशी बाबांनी मुकाट्यानं गवंडी बोलावला. त्यानं तुले पाटावर बसवलं आणि तुझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर कोळशाची रेघ ओढली. खिडकी तिथं खाली आली. मग विहिरीवर जाणारी एकही बाई तुझ्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं गेली नाही. दिवसभर एकटीनं धुरात बसायचं म्हणजे काय, हे मले माझा संसार झाल्यावर समजलं.

आता भाऊ तिथं ओटा बांधून राह्यला. ओट्यामागं तुझी खिडकी जाते, तर म्हणतो, "बुजवून टाकतो, ताई. धुरासाठी पंखा आहे ना." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मायच्या खिडकीले हात लावून तर पाह्य!" भावजय दाराशी उभी होती. म्हटलं, बाई, तू तरी बोल. ती हळूच म्हणाली, "ताई, मी आता उभ्यानंच रांधन. मले ते खिडकी काय कामाची? पण पंखाही नको. खिडकीच वर काढून द्या, रस्ता दिसन."

माय, मी गारच झाली. तिलेही कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही नाही. भावाले सांगितलं, ही म्हणते तिथं खिडकी होत नाही तोवर मी तुझ्या घरचं पाणी पीत नाही. तो कुरकुरला, पण गवंड्याले बोलावलंच.

खालची खिडकी बुजवायले पहिली वीट मीच उचलून दिली. तू असतीस तर तूच दिली असतीस, हे मले पक्कं माहीत आहे. डोळे पुसताना भावाले म्हटलं, सिमेंट गेलं. हे पत्र काही कुठं जात नाही, तर तुझ्याजवळ कबूल करते. सिमेंट अजून कालवलंच नव्हतं.