दोन चेंडूंमधला उजेड

अण्णा,

गेल्या आठवड्यात माझ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तुमच्या वेळेसारखं नाही, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर उताणं पडायचं वगैरे काही नाही. सकाळी गेलो, दुपारी घरी येऊन भात जेवलो. पट्टी निघाल्यावर सून म्हणाली, "आता काय काय दिसतंय सांगा." मी दाराकडे बघितलं. दार आणि चौकट यांच्यामधली उजेडाची बारीक रेघ मला स्पष्ट दिसली. "सगळं दिसतंय," मी म्हणालो खरा, पण मन कारखान्याच्या क्लबात, स्नूकरच्या टेबलापाशी जाऊन बसलं. ते अजून तिथंच आहे.

तुम्ही कारखान्याच्या गेज-रूममध्ये, मापं तपासायला होतात. पोलादाची सरळ पट्टी तयार भागावर उभी धरायची, खिडकीकडे तोंड करून डोळा तिच्या पातळीला आणायचा, आणि मधून उजेड आला की माल परत. रविवारी क्लबात रेफरी म्हणून उभे राहिलात तरी तुमची रीत तीच. मी नोकरीला लागलो त्या वर्षी तुम्ही मला खेळायला शिकवलंत. एकदा पांढरा चेंडू लाल चेंडूला जवळजवळ खेटून होता. मी काठी सरळ लावली आणि दोन्ही चेंडू जोडीनं पुढे गेले. मी खूश. तुम्ही माझ्या हातातून काठी काढून घेतलीत. "हे मारणं नव्हे, ढकलणं झालं. काठी चेंडूला एकदा शिवली की तिचं काम संपलं." मी म्हटलं, "पण कुणी बघत नव्हतं." सायकलवरून घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "याला पोटभर वाढ, पण माझ्या शेजारी ताट मांडू नकोस." पगार घेणारा बाप्या मी, त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवलो.

मग तो अंतिम सामना. माझ्यासमोर टूल-रूममधला फिटर होता, माझ्याच वयाचा, शिवाजीनगरचा, कानडी बोलणारा. मुलाच्या सामन्याला बाप रेफरी नको म्हणून तुम्ही अडून बसला होतात. तोच तुमच्याकडे आला. "सार, नीवे इरबेकु." तुम्हीच हवे म्हणाला. तुम्ही असाल तर त्याला कशाची काळजी नव्हती.

शेवटचे दोन रंग उरलेत, गुलाबी आणि काळा. त्यानं असा काही फटका मारलाय की पांढरा गुलाबीला चिकटून थांबलाय. पाळी माझी. चेंडू टेकलेले असतील तर रेफरीनं तसं सांगायचं. मग गुलाबी न हलवता पांढरा नुसता बाजूला काढला तरी गुलाबीला मारल्यासारखं धरतात. पण केसभर फट असेल तर गुलाबीला मारावंच लागतं, आणि इतक्या जवळून सरळ मारलं की ढकलणं होतं, म्हणजे फाउल. तुम्ही वाकता. चष्मा काढून धोतराला पुसता, परत वाकता. "टचिंग बॉल," म्हणता. तो समोरून हळूच म्हणतो, "सार, स्वल्प बेळकु इदे, नोडी." थोडा उजेड आहे, बघा. तुम्ही पुन्हा वाकता, आणि मग आजवर कधी केलं नव्हतं ते करता. माझ्याकडे वळून विचारता, "तुझ्या बाजूनं उजेड दिसतो का रे?"

मी म्हणालो, "नाही."

तो "सरी", बरं, म्हणून मागे सरकला. माझ्या शब्दावर नव्हे, तुमच्या विचारण्यावर विश्वास ठेवून. मी पांढरा लांब कोपऱ्यात नेऊन ठेवला, तिथून त्याचा गुलाबी चुकला, आणि सामना मी जिंकलो. त्या संध्याकाळी तुम्ही तुमची स्वतःची काठी मला दिलीत. मी वाकून नमस्कारसुद्धा केला. कसा केला असेल, कोण जाणे.

पुढे थंडीत डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला आणि तुम्हाला गेज-रूममधून उठवून कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. एका सकाळी आपण स्वयंपाकघरात अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत बसलो होतो. तुम्ही शेंगा डोळ्यांजवळ नेऊन सोलत होतात. खाली बघतच म्हणालात, "त्या रविवारी माझंच बघायला चुकलं असेल का रे?" मी म्हणालो, "नाही अण्णा, टेकलेलेच होते." तुम्ही सुटल्यासारखा श्वास टाकलात. "तू होतास म्हणून बरं." दुसऱ्या दिवशी तुम्ही क्लबाला चिठ्ठी दिलीत, ज्या रेफरीला खेळाडूला विचारावं लागतं त्यानं थांबावं. मग शिवाजीनगरला त्याच्या घरी गेलात आणि त्याला सांगून आलात की माझे डोळे गेलेत खरे, पण निकाल बरोबर होता, माझ्या मुलानं पाहिलंय. हे तुम्ही घरी येऊन आईला सांगत होतात आणि मी आतल्या खोलीत ऐकत होतो. मला स्वतःची शिसारी आली. तरी उठून बाहेर आलो नाही. पुढे तुम्ही बारा वर्षं होतात. बारा वर्षांत एक सकाळ मला सापडू नये!

अण्णा, उजेड होता. सुईच्या नेढ्याएवढा, पण होता. तुम्हीच शिकवलेलं बघायला, मला कसा दिसणार नाही?

तुमची काठी वर माळ्यावर आहे. त्या सामन्यानंतर मी तिनं कधी खेळलो नाही. पाठ दुखते म्हणून सांगत आलो. तो फिटर अजून आहे. हेब्बाळला मुलीकडे असतो, दिवाळीला न चुकता फोन करतो, आणि दर वेळी म्हणतो की तुमच्या अण्णांसारखा रेफरी पुन्हा झाला नाही. मी हो हो म्हणतो आणि तब्येतीची चौकशी करतो.

खरं सांगायचं तर आज मी पत्र त्याला लिहायला बसलो होतो. कागदाच्या वर त्याचं नाव लिहिलं, मग ते खोडलं आणि खाली 'अण्णा' लिहिलं.